कॅनडाचा पीआर अर्ज: फॉर्म उघडण्याआधी कागद जुळवा

गेल्या दिवाळीत पुण्याहून मावसभावाचा फोन आला. "ताई, ऑफिसची एनओसी मिळाली बघ. आता कुठे अपलोड करू?" मला आधी कळेचना तो काय म्हणतोय. कॅनडाच्या अर्जात एनओसी म्हणजे तुमच्या व्यवसायाचा पाच आकडी कोड. हा गडी मात्र एचआरच्या मागे लागून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन बसला होता, आणि त्या नादात परदेशी निघाल्याची दवंडी ऑफिसभर पिटली गेली होती. वाढीचा महिना तोंडावर होता, तीही हुकली.

त्याला समजावताना जे बोलले तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी अकाउंट्समधली. नवरा आणि मी २०१९ मध्ये एजंटशिवाय एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या ऑनलाइन पद्धतीतून पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, अर्ज केला आणि २०२० च्या फेब्रुवारीत ऑन्टॅरिओत येऊन पडलो. तेव्हापासून भाचे, मैत्रिणी, मैत्रिणींचे दीर अशा बऱ्याच जणांचे कागद डोळ्यांखालून गेले. जवळजवळ प्रत्येकानं तीच चूक केली: आधी फॉर्म उघडला, मग कागद शोधायला घेतले. फॉर्म भरणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे.

१. दोन वेगळे गुण, दोन वेगळी कामं

"माझे ७२ आले, म्हणजे झालं ना?" असं विचारणारे खूप भेटतात. नाही झालं. फेडरल स्किल्ड वर्कर या मार्गासाठी १०० पैकी ६७ गुण लागतात: भाषा २८, शिक्षण २५, अनुभव १५, वय १२, नोकरीची ऑफर १० आणि तिथे रुळण्याच्या शक्यतेचे १०. हे ६७ मिळाले की तुम्हाला फक्त रांगेत उभं राहता येतं. रांगेत पुढे कोण ते १२०० पैकी ठरतं, त्याला सीआरएस म्हणतात. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर त्याचं गणनयंत्र फुकट आहे. कोणाला पैसे देऊन 'प्रोफाइल इव्हॅल्युएशन' करून घेऊ नका.

आता कटू भाग. आम्हाला २०१९ मध्ये ४७० सीआरएस गुणांवर अर्ज करण्याचं बोलावणं आलं. आज भारतात बसून तेवढ्या गुणांवर, फक्त परदेशी अनुभवाच्या जोरावर, वाट बघणं अवघड आहे. २०२३ पासून सरकार विशिष्ट गटांसाठी वेगळ्या सोडती काढतं, म्हणजे त्या गटातल्या वरच्या गुणांच्या लोकांना बोलावतं: फ्रेंच येणारे, आरोग्यसेवेतले, सुतार-वेल्डर-इलेक्ट्रिशियनसारखे कुशल कारागीर वगैरे. बाकीच्या जागा बऱ्याचशा आधीच कॅनडात काम करणाऱ्यांकडे आणि प्रांतांनी निवडलेल्यांकडे जातात. प्रांतानं नामांकन दिलं तर थेट ६०० गुण मिळतात. फ्रेंचची तऱ्हा तर अशी, की मार्च २०२५ मधल्या एका सोडतीत ३७९ गुण असलेल्यांनाही बोलावणं गेलं.

२५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे सीआरएस गुण बंद झाले. तरीही "जॉब ऑफर लावून गुण वाढवून देतो" म्हणणारे फिरताहेत. ते तुम्हाला कालबाह्य झालेला माल विकताहेत, आणि बहुतेक वेळा तोही बनावट.

वयाचंही लक्षात असू द्या. विसाव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत पूर्ण गुण, तिसावं लागलं की दर वाढदिवसाला साधारण पाच-सहा गळतात. नवरा-बायको दोघं निघाला असाल तर मुख्य अर्जदार कोण, हे रिवाजानं ठरवू नका. दोन्ही बाजूंनी गणित करून बघा. आमच्यात माझे गुण जास्त भरले, म्हणून अर्ज माझ्या नावावर. सासूबाईंना हे पचायला आठवडा लागला.

२. नावाचा घोळ

हा खास आपला महाराष्ट्राचा घोळ आहे आणि तो तुम्हाला प्रत्येक पायरीवर छळणार, म्हणून इतक्या वर लिहिते आहे.

आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव आणखी कुठेतरी. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून दुसऱ्या ओळीत. माझ्या कागदांवर चार बायका होत्या: दहावीची, बी.कॉम.ची, लग्नानंतरच्या पॅन कार्डवरची आणि पासपोर्टवरची. त्यात वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर भाऊराव आणि पदवीवर भाऊसाहेब.

एक संध्याकाळ काढा. सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि वहीत तक्ता करा: कागद, त्यावरचं नाव इंग्रजी स्पेलिंगसकट, जन्मतारीख. 'लक्ष्मी'त एक्स आहे की के-एस-एच, 'विद्या'ला व्ही आहे की डब्ल्यू, सगळं टिपा. मग ठरवा:

– अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचं नाव, अक्षर न अक्षर तेच. परीक्षेच्या नोंदणीलाही तेच.
– लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवं. लग्नाची पत्रिका आणि कार्यालयातले फोटो पुरत नाहीत.
– रीतसर नाव बदलायचं असेल तर शासन राजपत्रातली नोंद. हे आधी उरका, त्यात वेळ जातो.
– स्पेलिंगच्या बारीक फरकांसाठी 'या सर्व नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा.
– पासपोर्ट दीड-दोन वर्षांत संपत असेल तर आधीच नवा करा.

३. इंग्रजीची परीक्षा, आणि अर्ध्या बँडची किंमत

आयईएलटीएस देणार असाल तर जनरल ट्रेनिंग. अ‍ॅकॅडमिक दिलीत तर पैसे पाण्यात, ती इथे चालत नाही. पीटीई देणार असाल तर पीटीई कोअर. शिक्षणासाठी जाणारी मंडळी देतात ती वेगळी. सेल्पिपही चालते.

किमान पात्रतेला चारही कौशल्यांत सहा बँड पुरतात. पण सहावर समाधान मानू नका. खरी उडी मिळते ती श्रवणात आठ आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी सात आल्यावर. कॅनडाच्या भाषेत याला सीएलबी ९ म्हणतात. शिक्षण अधिक भाषा, अनुभव अधिक भाषा असे जे जोडगुण आहेत ते इथे दुप्पट होतात, पण चारही कौशल्यांत ती पातळी हवी. माझं पहिल्या वेळी लेखन साडेसहा आलं, बाकी सगळं वर. त्या अर्ध्या बँडनं माझे ५७ गुण गेले: जोडगुणांतले ५० आणि लेखनातले ७. रडले, आणि दीड महिन्यानं परत बसले.

लेखनात आपण मराठी माध्यमाचे लोक कुठे अडकतो, तर पत्रात. "आय बेग टू स्टेट दॅट" ही शाळेतली भाषा टाकून द्या. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात. तिन्हींवर साधी दोन-तीन वाक्यं हवीत. मी पहिल्या वेळी दोनच मुद्द्यांवर पल्लेदार लिहून आले होते.

निकाल दोन वर्षं चालतो, आणि अंतिम अर्जाच्या दिवशीही तो जिवंत असावा लागतो. जोडीदाराचीही परीक्षा घ्या. गुण थोडे मिळतात, पण रांगेत थोडेच कामाला येतात.

पंचविशीत असाल आणि घाई नसेल तर फ्रेंचला लागा. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझ आहे. दहावीला फ्रेंच घेऊन नव्वद गुण पडले होते ते इथे कामाचं नाही. टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा द्यावी लागते आणि चारही कौशल्यांत पातळी ७ हवी. शून्यापासून दीडेक वर्षाची मेहनत धरा.

४. पदव्यांचं मूल्यांकन

तुमची पदवी कॅनडात कशाच्या बरोबरीची, हे सांगणारा ईसीए अहवाल लागतो. तो पाच वर्षं चालतो. आपल्याकडचे बहुतेक जण डब्ल्यूईएस या संस्थेकडून करतात. आणखीही मान्य संस्था आहेत. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी त्यांच्या व्यवसायाची वेगळी संस्था आहे, तिथेच जावं लागतं.

इथे तुमचं काम कमी आणि विद्यापीठाचं जास्त. आधी संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून संदर्भ क्रमांक घ्या, मग विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका लागतात, नापास झालेल्या विषयाच्या एटीकेटीसकट. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानं थेट पाठवायचं असतं. तुम्ही लिफाफा घरी आणून फोडलात तर गेलं. माझ्या विद्यापीठात पहिल्या खिडकीवर "साहेब जेवायला गेलेत", दुसऱ्या दिवशी "साहेब रजेवर", आणि तिसऱ्या दिवशी कळलं की त्या कामाची खिडकीच दुसऱ्या इमारतीत आहे. तीन महिने हाताशी ठेवा.

अहवाल आला की त्यावर लिहिलंय तेच अर्जात भरा. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला तिथे काय म्हटलंय ते तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळं असू शकतं. आपण एम.कॉम. झालो म्हणून डोळे मिटून 'मास्टर्स'वर टिचकी मारू नका.

५. अनुभवाचं पत्र

सगळ्यात जास्त अर्ज इथे गचके खातात, म्हणून जरा बैठक मारून वाचा.

आधी एनओसी कोड ठरवा. नोव्हेंबर २०२२ पासून पाच आकडी कोड आहेत आणि कामांची टीर नावाची उतरंड आहे. आपल्याला ०, १, २ किंवा ३ टीरमधलं काम हवं. कोड हुद्द्यावरून ठरत नाही, रोज काय करता त्यावरून ठरतो. माझा हुद्दा होता 'एक्झिक्युटिव्ह – अकाउंट्स'. आपल्याकडे एक्झिक्युटिव्ह म्हणजे कोणीही: जीएसटी रिटर्न भरणाराही आणि बिलं पंच करणाराही. ताळेबंद, ऑडिटची तयारी, खर्चाचं विश्लेषण करत असाल तर १११०० हा लेखापालांचा कोड. नोंदी आणि खतावणी करत असाल तर १२२००. कोडाखाली दिलेली कामांची यादी नीट वाचा. मुख्य वर्णन आणि बरीचशी कामं तुमच्याशी जुळायला हवीत.

किमान एक वर्ष सलग, आठवड्याला ३० तासांचं, पगारी काम गेल्या दहा वर्षांत झालेलं हवं. तीस तासांहून कमी असेल तर तेवढेच एकूण तास भरतील इतकं अर्धवेळ काम चालतं.

आता पत्र. आपल्या कंपन्या देतात ते 'रिलीव्हिंग लेटर': अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा. शुभेच्छांना गुण नाहीत. पत्रात हे सगळं हवं:

– कंपनीचं लेटरहेड, पत्ता, फोन, ईमेल
– सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही
– तुमचा हुद्दा किंवा हुद्दे, प्रत्येकाच्या तारखा
– आठवड्याचे तास
– वार्षिक पगार आणि भत्ते
– कामांची यादी

तास आणि कामं हीच दोन कलमं नेमकी राहून जातात. चाकणच्या ज्या कारखान्यात मी होते तिथल्या एचआरनं "आमच्या फॉरमॅटमध्ये कामं बसत नाहीत" म्हणून हात झटकले. तीन चकरांनंतर मी वेगळी वाट धरली. एचआरकडून तारखा, हुद्दा, पगार आणि तास एवढंच पत्र घेतलं. कामांचं पत्र माझ्या तेव्हाच्या मॅनेजरनं वैयक्तिकरीत्या दिलं, प्रतिज्ञापत्रासह, स्वतःच्या व्हिजिटिंग कार्डाची प्रत जोडून. सोबत नेमणुकीचं पत्र, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँकेचा पगार जमा झाल्याचा उतारा. वर एक पानी खुलासा: कंपनी कामांचा तपशील का देत नाही, आणि त्याऐवजी मी काय जोडलंय. ते चाललं.

दोन सापळे. एक, कोडाखालची कामं जशीच्या तशी पत्रात उतरवणं. तपासणारा ती वाक्यं दिवसभर वाचतो. त्याला लगेच कळतं. तुमच्या भाषेत, तुमच्या कारखान्यातलं लिहा: "दरमहा ५ तारखेपर्यंत तीन प्लांटचा खर्च ताळा करून अहवाल देणे" हे 'आर्थिक अहवाल तयार करणे'पेक्षा कितीतरी खरं वाटतं. दोन, काकांच्या दुकानात दोन वर्षं अकाउंटंट होतो असं दाखवणं. पगार रोखीत, रिटर्नमध्ये नोंद नाही, आणि फोन गेला की काका म्हणणार, "कोण? आमचा बंटी?" खोटी माहिती पकडली गेली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या ४० व्या कलमाखाली पाच वर्षं अर्ज करता येत नाही.

परदेशातल्या अनुभवाचे सीआरएस गुण तीन वर्षांनंतर वाढत नाहीत. पात्रतेचे ६७ आरामात भरत असतील, तर आठ वर्षांपूर्वीच्या बंद पडलेल्या कंपनीच्या पत्रासाठी जीव टाकू नका.

६. पैसे दाखवणं

कॅनडात उतरल्यावर पोट भरण्यापुरती रक्कम तुमच्याकडे आहे, हे दाखवावं लागतं. जुलै २०२५ च्या तक्त्यात एकट्यासाठी १५,२६३ आणि चौघांसाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर होते. आकडा दरवर्षी बदलतो. कुटुंब मोजताना जोडीदार आणि मुलं सोबत येणार नसली तरी धरायची.

चालतं: बचत खातं, मुदत ठेव, लगेच मोडता येतील अशी गुंतवणूक. चालत नाही: फ्लॅटची किंमत, गावची जमीन, सोनं, उसने पैसे. शेवटच्या आठवड्यात मेहुण्याकडून दहा लाख फिरवून खात्यात आणणारे पुष्कळ; बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते, तिथे हे उघडं पडतं. वडिलांनी खरंच पैसे दिले असतील तर परतफेड नको असं त्यांचं बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडा.

बँकेत जाताना पत्राचा मजकूर स्वतः टाइप करून न्या: खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी, कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी. नुसता 'बॅलन्स सर्टिफिकेट' शब्द उच्चारलात तर व्हिसासाठीचा दोन ओळींचा कागद हातात पडेल.

७. प्रोफाइल

आता कुठे फॉर्म: रांगेत नाव लावणारं एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाइल. परीक्षेचा निकाल, ईसीएचा क्रमांक, कोड आणि पासपोर्ट समोर असले की तासाभरात होतं. प्रोफाइल बारा महिने जिवंत राहतं आणि ते फुकट आहे. दरम्यान वाढदिवस, नवा निकाल, नवी नोकरी, बाळ, काहीही झालं तरी बदल नोंदवत राहा.

८. बोलावण्यानंतरचे साठ दिवस

आयटीए, म्हणजे अर्ज करण्याचं बोलावणं, आलं की अर्जासाठी ६० दिवस मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. गणपती आणि दिवाळी मधे आली तर चाळीसच उरतात.

पीसीसी, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याचं पोलिसांचं प्रमाणपत्र: पासपोर्ट सेवा केंद्रातून, ५०० रुपये. राहता पत्ता आणि पासपोर्टवरचा पत्ता वेगळा असेल तर पोलिस चौकशीत दिवस जातात. गेल्या दहा वर्षांत कुठल्याही देशात सलग सहा महिने राहिला असाल तर त्या देशाचंही प्रमाणपत्र लागतं. आयटीवाल्यांनो, ऑनसाइटचे दिवस आठवा. अमेरिकेचं एफबीआयकडून, बोटांचे ठसे देऊन मिळतं.

वैद्यकीय तपासणी: २१ ऑगस्ट २०२५ पासून ती अर्ज करण्याआधीच करून घ्यावी लागते. फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे. तुमचे फॅमिली डॉक्टर कितीही मोठे असोत.

दहा वर्षांचा इतिहास: महिन्याची फट चालत नाही. नोकरी सोडून चार महिने घरी होतात तर तसं लिहा. बाळंतपणात होतात, एमपीएससीचा अभ्यास करत होतात, तेही लिहा.

भाषांतर: ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र हवं. तुमची इंग्रजीची प्राध्यापक आत्या ते करू शकत नाही. नातेवाईक चालत नाहीत.

शुल्क: ३० एप्रिल २०२४ च्या दरानं मोठ्या माणसाला अर्जाचं आणि कायमच्या वास्तव्याच्या हक्काचं अशी दोन्ही शुल्कं मिळून १,५२५ कॅनेडियन डॉलर. हे दर दोन वर्षांनी वाढतात, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा बघा. बायोमेट्रिकचे एकट्याला ८५, कुटुंबाला १७०. आपल्या साध्या डेबिट कार्डावर एवढा परदेशी व्यवहार अडकतो. बँकेत आधी मर्यादा वाढवून घ्या.

सगळं चढवून झालं की पाठवण्याआधी संपूर्ण अर्जाची पीडीएफ जपून ठेवा. पुढे नागरिकत्वाच्या वेळी तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं ते तुम्हालाच आठवणार नाही.

९. एजंट घ्यावा का?

सरळ प्रकरण असेल तर नको. आधी व्हिसा नाकारला गेलाय, घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याचा विषय आहे, पोलिस केस आहे, तर जाणकार माणूस घ्या. पण परवाना बघून: कॅनडात सल्लागारांची नियामक संस्था आहे, तिच्या सार्वजनिक यादीत नाव आणि क्रमांक शोधता येतो. "आमचे टोरांटोचे साहेब लायसन्सधारक आहेत" हे उत्तर नव्हे. तुमचा लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याच हातात ठेवा. माझ्या एका मैत्रिणीच्या अर्जात एजंटनं तिचा अनुभव दोन वर्षांनी वाढवला होता, आणि तिला ते नाकारण्याचं पत्र आल्यावर कळलं.

१०. मंजुरीनंतर

राजीनामा तेव्हाच, जेव्हा पीआरची मंजुरी हातात असेल. कॅनडात उतरून पीआर होण्याआधी लग्न झालं किंवा मूल झालं तर लगेच कळवा. न कळवलेल्या माणसाला पुढे कुटुंब म्हणून बोलावता येत नाही.

निघताना सामानाच्या दोन याद्या करा: बरोबर नेताय ते, आणि मागून येणार ते. विमानतळावर सीमाशुल्काच्या खिडकीत दोन्ही दाखवून शिक्का घ्या. मागाहून येणारी वस्तू यादीत नसेल तर तिच्यावर शुल्क लागू शकतं. दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडून किमतीचा कागद जोडा. माझ्या यादीत पाटल्या आणि मंगळसूत्र होतं. आजीची नथ आईनं अगदी निघताना पर्समध्ये सरकवली होती. खिडकीतल्या बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, कुठे घालतात म्हणून विचारलं, मी नाकाला लावून दाखवली, आणि त्यांनी पेनानं यादीच्या तळाशी सतरावा नंबर घालून ती लिहून घेतली.